गार

दिवस कलला की मायच्या फोनवरचे चरे दिसायला लागतात.

एरवी ते नसल्यासारखेच असतात. काच उजळलेली असते, आत कुठल्या तरी महाराजांचं कीर्तन रंगलेलं असतं, नाहीतर नातीचा दात पडल्याचा फोटो आलेला असतो, आणि पाहणाराचा डोळा त्या उजेडाशीच थबकतो. पण दुपार ओसरते, केळीच्या बागेत ऊन तिरपं शिरतं, इसापूरच्या कालव्याचं पाणी चारीतून सुस्तावत पुढं सरकत असतं, बाया खुरपी बांधावर टाकून भाकरीची फडकी झटकत असतात, विहिरीच्या कठड्यावर मायचा फोन विझून उताणा पडलेला असतो, आणि त्या काळ्या काचेवर ऊन आडवं येऊन टेकलं की एकाएकी तिच्यातून शेकडो रेघा वर येतात. केसाएवढ्या, केसाहून बारीक, काही लांबलचक, काही मध्येच सोडून दिलेल्या. आणि गंमत अशी की त्या कशाही, कुठल्याही दिशेला ओढलेल्या असल्या तरी उन्हाच्या त्या एका ठिपक्याभोवती सगळ्या मिळून गोल फेर धरल्यासारख्या दिसतात. पंचमीला झाडाखाली बाया धरतात तसा.

काच विझावी लागते त्यासाठी.

फोन मीच घेऊन दिला होता. त्या वर्षी केळीला भाव बरा लागला होता, धाकट्या भावानं कर्जाचा एक हप्ता वेळेआधी भरला होता, आणि मला नांदेडला बसून मायचा आवाज नुसता ऐकण्यापेक्षा तिचं तोंड बघावंसं वाटू लागलं होतं. अर्धापूरला बसस्टँडच्या अंगाला, नागपूरकडे पळणाऱ्या ट्रकांच्या धुळीत, एक टपरीएवढं दुकान आहे. दोरीवर कव्हरं पापडासारखी वाळत घातलेली, काउंटरच्या काचेखाली चार्जरच्या वायरींचा गुंता, आणि आत विशी न गाठलेला एक पोरगा. "टेम्पर्ड टाकू ना, सर?" त्यानं विचारलं, पण त्या विचारण्यात प्रश्न नव्हता. नव्या बाळाला टोपरं घालू का, असं कुणी विचारत नाही.

मग त्यानं पंखा बंद केला.

मला त्या पोराची ही गोष्ट फार आवडली. वैशाखातली दुपार, डोक्यावर पत्रा, आणि त्यानं आधी पंखा बंद केला. वारा थांबला, धूळ जिथल्या तिथं उभी राहिली, आणि आम्ही तिघंही नकळत श्वास धरून बसलो. ओलं फडकं, मग कोरडं फडकं, मग एक निळी चिकटपट्टी काचेवर ठेवून हलकेच उचलायची, उरलेला एखादा कण तिच्यासोबत निघून यावा म्हणून. माय त्याच्या बोटांकडे बघत होती, देवाची मूर्ती पुसणाऱ्या पुजाऱ्याकडे बघावं तशी. त्यानं ती पातळ, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची काच वरच्या कडेला जुळवली, सोडून दिली आणि मधोमध बोट टेकवलं. कोरड्या वाफ्यात पाणी शिरावं तसा चिकटपणाचा एक गडद पट्टा मधून सुटला आणि चहूकडे पसरत, काठ ओलावत, आपोआप कोपऱ्यांपर्यंत जाऊन थांबला. एक बुडबुडा मात्र अडकला. पोरानं कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा घेतला आणि त्या बुडबुड्याला हाकलत हाकलत कडेपर्यंत आणून बाहेर काढून दिलं.

माय एवढा वेळ गप्प होती. आता म्हणाली, "याच्यावर नाव घालतेत का रं?"

पोरगा हसला. मीही हसलो. तिला वाटलं, नवी वस्तू घेतली, म्हणजे दुकानदार नाव घालूनच देणार. तिच्या आयुष्यात मोलाच्या वस्तू तशाच आल्या होत्या. नांदेडच्या भांड्याच्या दुकानात खरेदी झाली की शेवटी काउंटरच्या कोपऱ्यात तो माणूस बसलेला असे, हातात विजेची लेखणी, तोंडात पान. घर्रर्र असा दातांना झिणझिण्या आणणारा आवाज व्हायचा आणि चकचकीत कळशीच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांचं नाव उमटायचं, गाव उमटायचं, तारीख उमटायची. नव्याकोऱ्या भांड्यावर पहिला ओरखडा पैसे देऊन काढून घ्यायचा! त्याशिवाय ते आपलं कसं होणार? गल्लीतल्या लग्नाला साऱ्यांची पातेली, ताटं, वगराळी एका ढिगात जायची, हजार माणसं जेवून उठायची, आणि राखेनं घासून निघालेली भांडी त्या ओरखड्यांच्या आधारानं आपापल्या घरी परतायची. राख सगळं काढते. नाव काढत नाही.

आमच्या घरातल्या कळशीवर आजोबांचं नाव आहे. परातीवर दादांचं. मायच्या माहेरून आलेल्या हंड्यावर तिच्या वडिलांचं, आणि रुखवतात आलेल्या डब्यांवर मामांचं. माझ्या बारशाला मिळालेल्या वाटीवरसुद्धा माझं नाव आहे. ही यादी करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पण ती फार उशिरा, परवा कुठंतरी, फळीवरची भांडी पुसताना.

तर तो फोन माय शेतात नेऊ लागली. कव्हरात घालून, कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पदराच्या गाठीत. मी नांदेडहून फोन केला की आधी खसखस, मग खडखड, मग पिशवीची चुरचुर, आणि मग लांबून आल्यासारखा तिचा आवाज. आठ दिवसांत प्लॅस्टिकची पिशवी गेली. महिन्यात कव्हर गेलं, कारण त्यात आवाज बसतो असं तिचं म्हणणं. राहिली ती वरची काच आणि तिला पुसायला पदर.

पदर ही काही साधी गोष्ट नाही. तिच्या पदरानं मी नाक पुसलंय, तव्यावरून भाकर उचललीय, पहिल्या पावसात डोकं झाकलंय. त्याच पदरात हळदीची बोटं असतात, मुगाच्या शेंगा असतात, देवळातला अंगारा असतो, आणि दिवसभराच्या काळ्या मातीची न दिसणारी पूड असते. काचेवर काही पडलेलं दिसलं की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळून गोल गोल फिरवते, प्रेमानं, जोर लावून. मी सांगतो, "माय, आधी फुंकर मार, धूळ उडू दे, मग पूस. ओल्या मऊ फडक्यानं पूस." ती म्हणते, "काहून एवढं जपायलास रं त्याला? लेकरू हाय का ते?"

मला आधी वाटायचं, चरे किल्ल्यांनी पडतात, नाण्यांनी पडतात. तसं नसतं. मोस नावाच्या जर्मन माणसानं 1812 मध्ये खनिजांची एक उतरंड लावून ठेवली. सगळ्यात खाली शंखजिरं, त्याला एक, सगळ्यात वर हिरा, त्याला दहा, आणि नियम असा की वरचा खालच्याला ओरखडतो. त्या उतरंडीवर आपलं नख अडीचावर आहे, तांबं तीनाच्या आसपास, काच साडेपाचाजवळ. किल्ली बिचारी काचेशी झुंजून स्वतःच झिजते. पण सातव्या पायरीवर बसली आहे आपली गारगोटी. वाळूत ती आहे, धुळीत ती आहे, मायच्या पदरात ती आहे, डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक होऊन.

गारगोटी!

शेताच्या वरच्या अंगाला बरड आहे. मिरगाचा पहिला पाऊस पडून गेला की धुतलेल्या त्या माळावर पांढरे, दुधी, कधी मधासारखे खडे चमकू लागत. आम्ही दोघं भाऊ खिसे भरून आणायचो. रात्री गोधडीत शिरायचं, गोधडीचं तोंड आतून गच्च धरायचं आणि दगडावर दगड घासायचा. आतल्या आत एक पिवळसर उजेड व्हायचा, ठिणगी नव्हे, दगडाच्या पोटातच काहीतरी जागं झाल्यासारखा, आणि त्या उजेडाला एक करपट वास असायचा. धाकट्याचे डोळे तेवढ्यापुरते दिसत आणि पुन्हा नाहीसे होत. पुढं कधीतरी वाचलं की ही सगळी काळी जमीन म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ, झिजून माती झालेला; तो लाव्हा थंड होताना त्यात वाफेचे, वायूंचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत युगानुयुगं पाणी झिरपत राहून गारगोट्या आणि अकीक साकळले. म्हणजे अडकलेले बुडबुडेच ते. लग्नपत्रिकेचा तुकडा घेऊन हाकलायला तेव्हा कुणी नव्हतं.

मराठीनं तरी शब्द कसा ठेवला आहे बघा. दगड तो गार. आभाळातून पडते तीही गार. आणि दोन्ही हाताला लागतात तेव्हा वाटतं तेही गारच. नव्या फोनची काच पहिल्यांदा मायच्या गालाला लागली तेव्हा ती दचकून म्हणाली होती, "अगं माय, किती गार हाय!"

आभाळातल्या गारेचं नाव मात्र आमच्याकडे हलक्या आवाजात घेतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी, घड भरत आलेले असताना, दुपारी चारला अंधारून येतं, वारा पडतो, कोंबड्या घरात शिरतात, आणि मग पत्र्यावर पहिला आवाज होतो. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं. पानांच्या चिंध्या लोंबायला लागतात, आणि घडावर जिथं जिथं गार लागली तिथं तिथं दुसऱ्या दिवशी काळा डाग वर येतो. आतला गर गोडच राहतो. पण व्यापारी आतलं बघत नाही. तो फणी हातात घेऊन उन्हात फिरवतो, दुकानातला पोरगा काच फिरवून बघतो तशी, आणि ओरखडा दिसला की भाव पाडतो. केळीची साल किती हळवी असते हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. शेजारचं पान वाऱ्यानं घासलं तरी तिच्यावर रेघ उठते. म्हणून आता धाकटा प्रत्येक घडाला पिशवी चढवतो, स्कर्टिंग बॅग म्हणतात तिला; पातळ, झिरझिरीत, खालून उघडी. आखाती देशांत जाणारा माल असेल तर काढणीनंतरही फण्या हातावर झेलतात, जमिनीला टेकवत नाहीत, आणि पेटीत मध्ये मऊ थर घालतात. पहाटे बागेत गेलं की ओळीनं शेकडो घड त्या पिशव्यांत उभे असतात, आतून पुसट हिरवे, दवानं ओथंबलेले, बाप्पाला झाकून आणावं तसे. त्या ओळींतून चालताना माझा हात खिशातल्या माझ्या स्वतःच्या फोनवर जातो.

माझ्या फोनवर एक चरा नाही. जाड कव्हर, कडेला उंच काठ, वर काच, आणि टेबलावर ठेवताना खाली रुमाल. दर सहा महिन्यांनी वरची काच बदलतो, गरज नसताना. खोक्यावर '9 एच' छापलेलं असतं. मला ते बरेच दिवस मोसच्या उतरंडीतलं नववं वाटायचं, हिऱ्याच्या बरोबर खालचं. पण ते पेन्सिलींचं माप निघालं. नऊ एच या कडक शिसाच्या पेन्सिलीनंही ओरखडा पडत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. गारगोटीपुढं त्याचं काही चालत नाही.

खालची, फोनची मूळ काच कशी कणखर करतात हे एकदा धाकट्याला सांगत होतो. 2007 साली पहिला आयफोन आला तेव्हापासून ही रीत घरोघरी पोचली. काच सुमारे चारशे अंशांना वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागावरचे सोडियमचे बारके कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे थोराड कण घुसून बसतात. आपल्या एसटीत बाकावरचा किडकिडीत माणूस उठतो आणि त्या जागी धिप्पाड माणूस येऊन बसतो, तसं. सगळे एकमेकांना दाबून धरतात, आणि त्या दाटीमुळंच काच सहजी तडकत नाही. धाकटा ऐकत होता, व्हॉल्व्ह फिरवता फिरवता. म्हणाला, "पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपलं 13:00:45 का?" आणि ठिबकच्या टाकीजवळच्या पांढऱ्या पोत्याकडे त्यानं बोट केलं. तेच. घड भरावा म्हणून तो केळीला पाण्यातून जे पाजतो, तेच. कुठं ती वितळलेल्या मिठाची भट्टी आणि कुठं आमच्या बागेतल्या काळ्या नळ्या! मी पुढं काही सांगायचं विसरूनच गेलो.

या फोनमध्ये मायचा अंगठा मात्र कधी बसला नाही.

दुकानातल्या पोरानं पहिल्याच दिवशी खटपट केली होती. "मावशी, ठेवा. उचला. परत ठेवा. जरा तिरका." काच प्रत्येक वेळी नन्नाचा सूर लावून थरथरायची. त्यानं तिचा अंगठा आपल्या हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि सोडून दिला. काही बोलला नाही. मी नंतर बघितला तो अंगठा, बऱ्याच वर्षांनी बघितला. तिथं काहीच नव्हतं. राखेनं, केळीच्या चिकानं, खुरप्याच्या मुठीनं, हळदीच्या वेचणीनं, उसवलेल्या पोत्यांच्या सुतळीनं त्याच्यावरच्या सगळ्या रेघा पुसून नेल्या होत्या. गुळगुळीत, तुकतुकीत, नदीतल्या गोट्यासारखा. काचेवर रेघ असू नये म्हणून जग जिवाचं रान करतं आणि अंगठ्यावर रेघा असाव्यात असं म्हणतं. मायचं सगळं उलटं झालेलं.

रेशनच्या दुकानातही तेच. यंत्रावर अंगठा उमटत नाही. ती तो केसांतून फिरवते, तेलाचा हात लागावा म्हणून, पदराला पुसते, मग डावा ठेवते, मग तर्जनी. मागं रांग खोळंबते आणि तिचं तोंड लहान होतं. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. त्या सोहळ्याची बातमी आम्ही घरात बसून बघितली होती आणि माय म्हणाली होती, "म्हंजी पुन्हा अंगठा?"

त्या 'पुन्हा'त काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी शाळेत असताना साक्षरता अभियानाचा वर्ग मारुतीच्या पारावर भरायचा. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाया रात्री आठला कंदिलाभोवती बसायच्या, मांडीवर पाट्या, पाट्यांवर वाकलेल्या माना. मी मायला बोलवायला जायचो आणि लांबूनच तो आवाज ऐकू यायचा. वीस-पंचवीस पेन्सिली एकाच वेळी दगडी पाटीवर ओढल्या जात असल्याचा, कोरडा, किरकिरता, चिकाटीचा आवाज, रातकिड्यांत मिसळून गेलेला. महिनाभरात तिला नाव आलं. तीन अक्षरं. पुढच्या वेळी बँकेत शाईचा डबा तिच्यापुढं सरकवला गेला तेव्हा तिनं तो बोटानं मागं सारला आणि पेन मागितलं. घरी येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत काडीनं तिनं तीच तीन अक्षरं काढली, पुसली, परत काढली.

यंदा पौषात फोन मोटारीच्या खोलीत पडला. वरच्या काचेचा कोपरा फुटला आणि तिथून एक तडा चऱ्याचऱ्यांच्या वाटा धरत मधोमध गेला. फोटोफ्रेमवाल्याच्या हातात हिरकणी बघितली असेल तर हे नवल वाटत नाही. तो काचेवर नुसती एक रेघ ओढतो आणि पुढचं काम काच स्वतः करते. मी मायला घेऊन त्याच दुकानात गेलो. सकाळची थंडी होती, पंखा मुळातच बंद होता, पोराला आता मिसरूड फुटलेलं. त्यानं कोपऱ्यात नख घातलं, जुनी काच हलकेच उचकटली, आणि ती चर्र करत सबंध निघून आली. दोन वर्षांची खुरपणी, दोन वर्षांचा पदर, दोन हळदी, सगळं त्या एका पातळ पापुद्र्यावर. त्यानं तो डब्यात टाकला.

खाली फोनची मूळ काच होती. घेतल्या दिवशी होती तशीच. काळीभोर, गुळगुळीत, विहिरीच्या पाण्यासारखी. दोन वर्षांत तिथवर कुणी पोचलंच नव्हतं.

"मावशी, नवीन टाकतो लगेच," पोरगा म्हणाला आणि फडकं शोधायला वळला. तेवढ्यात मायनं फोन उचलला. चष्मा पुसताना करते तशी तिनं तो तोंडाजवळ नेला आणि हाः करून वाफ सोडली. गार काच लगेच धुरकट झाली. मला वाटलं, आता पदर येणार. मी 'माय' म्हणायला तोंडही उघडलं. पण पदर आला नाही. तिनं तर्जनी पुढं केली आणि त्या धुरकटपणावर, सावकाश, पाटीवर काढायची तशी, वळणं गोलाकार घेत, तीन अक्षरं काढली.

पोरगा ओलं फडकं हातात धरून उभा होता. त्यानं ते काचेला लावलं नाही. वाफ कडेकडून विरत आत येत गेली, शेवटची वेलांटी उडाली, तोवर तो थांबला.